जुनी फॉर्च्युनर की जुनी एन्डेव्हर?



या सदरात एरवी तुरीवरची मर, कपाशीवरची बोंडअळी, संत्र्याची फळगळ असे विषय यायचे. या खेपेला मात्र पुढ्यात आलेल्या पत्रात पिकाचे एक अक्षरही नाही. पत्र आपल्याच संग्रामपूर तालुक्यातल्या, पूर्णाकाठच्या एका गावचे आहे. नाव-गाव छापू नये अशी पत्रलेखक भाऊंची विनंती आहे आणि ती रास्तच आहे. मजकूर थोडक्यात असा: नदीकडचे वावर जिगाव प्रकल्पात गेले, मोबदल्याची रक्कम बँकेत जमा झाली. घरात लहानमोठी आठ माणसे. आईचे गुडघे गेलेले, महिन्यातून एकदा अकोल्याला दवाखान्यात न्यावे लागते. सूनबाई शिक्षिका आहेत, त्यांना गाडी चालवता येते. दोन्ही मुलांनी चारही चाकांना जोर असलेली मोठी गाडी घ्यायचे ठरवले आहे. थोरल्याने टोयोटाची फॉर्च्युनर पाहून ठेवली, २०१७ ची, १ लाख ४० हजार किलोमीटर चाललेली. धाकट्याने फोर्डची एन्डेव्हर पाहिली, २०१८ ची, ८५ हजार किलोमीटर चाललेली, दिल्लीकडच्या नंबरची आणि सहा लाखांनी स्वस्त. दोघेही आपापल्या गाडीवर अडून बसले आहेत. शेवटी वडिलांनी लिहिले आहे, "साहेब, तुम्ही सांगाल ती घेऊ."

मोटारीतले कृषी खात्याच्या माणसाला काय कळते, असे कोणी म्हणेल. पण १९६२ साली पंचायत समित्या स्थापन झाल्या तेव्हापासून गावात चारचाकी दिसली ती बहुधा साहेबांची जीपच, आणि आमच्यासारख्यांची नोकरी जितकी त्या जीपमध्ये बसण्यात गेली तितकीच ती चिखलातून ढकलण्यात गेली. शिवाय जुनी गाडी घेणे आणि बाजारातून बैल घेणे यांत फारसा फरक नाही. बैल दोनदाती आहे, चारदाती आहे की जुळलेला, हे आपण व्यापाऱ्याच्या तोंडून ऐकत नाही, बैलाच्या तोंडात पाहतो. खूर पाहतो, चालवून पाहतो, कासरा ओढून पाहतो. तेवढे डोळे उघडे ठेवले तर मोटारही कळते.

उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे घरातले भांडण या अंकापुरते तरी थांबेल. या दोहोंतलीच एक घ्यायची असेल तर फॉर्च्युनर घ्यावी. धाकट्या चिरंजीवांनी रागावू नये. गाडी म्हणून त्यांची निवड वाईट नाही. काही बाबतींत ती सरसच आहे. कारण वेगळे आहे, ते समजून घ्या.

फोर्ड कंपनीने ९ सप्टेंबर २०२१ रोजी भारतातले गाड्यांचे उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. एन्डेव्हर चेन्नईजवळच्या कारखान्यात तयार होत होती, ती तेव्हापासून थांबली. गुजरातेतला साणंदचा कारखाना पुढे टाटांच्या कंपनीने २०२३ साली ताब्यात घेतला. २०२४ साली फोर्डने चेन्नईचा कारखाना निर्यातीसाठी वापरण्याचा मनोदय तामिळनाडू सरकारला कळवला, पण निर्यातीच्या बेताने आपल्या गावात उभ्या असलेल्या जुन्या एन्डेव्हरला सुटा भाग मिळत नाही. दुरुस्तीची सेवा चालू ठेवू असे कंपनीने सांगितले आणि मोठ्या शहरांत ती मिळतेही. प्रश्न आपला आहे. एन्डेव्हरचे त्या वेळचे मोठे इंजिन ३.२ लिटरचे, पाच सिलिंडरचे. आपल्याकडच्या दुसऱ्या कोणत्याही लोकप्रिय गाडीत ते नाही. म्हणजे त्याचा भाग खामगावच्या दुकानात मिळेल ही आशा करू नका. एखादा सेन्सर गेला, गाडी दारात उभी राहिली आणि भाग बाहेरून यायला पंधरा दिवस लागले, तर ते पंधरा दिवस आईचा दवाखाना भाड्याच्या गाडीतून करावा लागेल. सहा लाखांची स्वस्ताई व्यापाऱ्याने दया म्हणून दिलेली नाही. बाजाराने हा सगळा त्रास आधीच मोजून किमतीतून वजा केला आहे, आणि तुम्ही विकायला जाल तेव्हा तो पुन्हा वजा होणार आहे.

फॉर्च्युनर कर्नाटकात बिडदीला तयार होते. ती बनवणाऱ्या टोयोटा किर्लोस्कर कंपनीत भागीदारी आहे ती आपल्या लोखंडी नांगरवाल्या किर्लोस्कर घराण्याच्याच एका शाखेची. (किर्लोस्करवाडी १९१० साली वसली आणि तिथल्या नांगराने महाराष्ट्रातली किती वावरे नांगरली याला गणती नाही. अर्थात नांगरावरून मोटारीची परीक्षा करू नये, हेही खरे.) मुद्दा एवढाच की ही गाडी २००९ पासून आपल्याकडे विकली जात आहे आणि अजूनही विकली जाते. या गाडीवर हात बसलेला मेकॅनिक अकोल्यात शोधावा लागत नाही. तुमची २०१७ ची गाडी म्हणजे नोव्हेंबर २०१६ मध्ये आलेली दुसरी पिढी, २.८ लिटरचे डिझेल इंजिन. नीट तेलपाणी झालेले असेल तर १ लाख ४० हजार किलोमीटर हे त्या इंजिनाचे म्हातारपण नव्हे. मात्र "नीट तेलपाणी झालेले असेल तर" हे शब्द अधोरेखित करून ठेवा, पुढे त्यावर बोलायचे आहे.

आता एन्डेव्हर कुठे सरस आहे तेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. बसायला ती जास्त मऊ आहे. फॉर्च्युनरची मागची बाजू खड्ड्यात उडते, विशेषतः माणसे कमी असताना. गुडघ्याच्या आणि कंबरेच्या दुखणाईताला ते लागते. एन्डेव्हरचे स्टिअरिंग विजेवर चालणारे म्हणून हलके, तर २०१७ च्या फॉर्च्युनरचे जड. गर्दीत वळवताना, गाडी मागे घेताना सूनबाईंना हा फरक हाताला कळेल. तिसऱ्या रांगेची बाके एन्डेव्हरमध्ये तळात सपाट बसतात, फॉर्च्युनरमध्ये दोन्ही बाजूंना उचलून टांगावी लागतात आणि सामानाची जागा खातात. दोन्ही गाड्या सात जणांच्या आहेत, तुम्ही आठ आहात, हेही लक्षात घ्या. दोन्ही उंच आहेत. म्हणून सौदा ठरवण्याआधी आईंना प्रत्यक्ष नेऊन बसवून पाहा. पायरीवर पाय ठेवून, दांडी धरून त्यांना एकट्याने चढता-उतरता येते का? येत नसेल तर दोन्ही गाड्या त्यांच्या कामाच्या नाहीत. त्याच पैशात त्याच कंपनीची इनोव्हा क्रिस्टा येईल, तिचा तळ खाली आहे, आठ जणांची बैठक असलेलीही मिळते. तिला फक्त दोन चाकांचा जोर आहे आणि चौकात तिच्याकडे कोणी वळून पाहत नाही. माझे मत विचाराल तर महिन्याच्या दवाखान्यासाठी तीच बरी. पण तुम्ही दोहोंतले विचारले आहे. असो.

मुले ज्यासाठी अडून बसली आहेत त्या चार चाकांच्या जोराबद्दल आपल्याकडे बराच गैरसमज आहे. साध्या गाडीत इंजिनाचा जोर दोनच चाकांना मिळतो. फोर बाय फोर गाडीत मधल्या एका पेटीतून तो पुढच्या आणि मागच्या अशा चारही चाकांना देता येतो, आणि अगदी हळू पण जास्तीत जास्त ताकदीने चालण्यासाठी एक वेगळा, खालचा गिअरही असतो. या फॉर्च्युनरमध्ये त्यासाठी फिरवायचे बटण आहे. एच-२ म्हणजे मागची दोन चाके, एच-४ म्हणजे चारही, एल-४ म्हणजे चारही आणि हळू. रोजच्या डांबरी रस्त्यावर एच-२ वरच चालवावी. कोरड्या डांबरावर एच-४ लावून फिरू नये, कारण वळणावर पुढची चाके आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात. चिखलात किंवा खडीवर चाक घसरून तो फरक भरून निघतो, डांबरावर तो सगळा ताण गिअर आणि शाफ्टवर येतो. एन्डेव्हरमध्ये हे काम संगणक पाहतो. लागेल तेव्हा पुढच्या चाकांना जोर देतो, शिवाय मागची दोन चाके एकत्र जखडण्याची सोयही आहे. डोंगर चढायला ती अधिक चांगली.

पण आपला तालुका डोंगराच्या पायथ्याचा असला तरी आपला त्रास डोंगराचा नाही, काळ्या मातीचा आहे. सोनाळा-टुनकीकडची अंबाबरवा अभयारण्याच्या बाजूची जमीन सोडली तर पूर्णेकडे जसजसे उतरावे तसतशी माती भारी होत जाते, आणि खारपाणपट्ट्यातली ती चोपण माती पावसात काय करते हे पूर्णाकाठच्या माणसाला मी सांगायला नको. या मातीतली चिकण पाणी पिऊन फुगते. गाडीला असतात ते रस्त्याचे टायर. त्यांच्या खाचा दहा हातांत मातीने बुजतात आणि टायर गुळगुळीत होतो. मग चार चाकांना जोर असला म्हणजे दोनाऐवजी चार चाके जागच्या जागी फिरतात आणि दोन टनांवरची गाडी एक्सलपर्यंत रुतते. तिला काढायला शेवटी ट्रॅक्टरच लागतो, आणि ट्रॅक्टरवाला त्या दिवशी काय भाव लावील ते त्याच्या मनावर असते. पांदन रस्त्याचे दुखणे पांदनीवरच बरे करावे लागते. २०२१ साली शासनाने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना काढली ती त्यासाठीच. भर पावसात वावरात न्यायला म्हणून ही गाडी घेत असाल तर घेऊ नका. खडी टाकलेला पण खचलेला रस्ता, ओल्या मातीचा छोटा चढ, नाल्याची कोरडी वाळू, एवढ्यापुरता तिचा उपयोग खरा, आणि असे प्रसंग वर्षात किती येतात ते बोटांवर मोजून पाहा.

पाण्याबद्दल तर अधिकच सावध राहिले पाहिजे. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत एका रात्रीच्या पावसाने काय केले ते सर्वांनी पाहिले आहे. "फॉर्च्युनर ७०० मिलिमीटर पाण्यातून जाते, एन्डेव्हर ८०० मिलिमीटरमधून," हे आकडे पोरांना तोंडपाठ असतात. आकडे कंपनीचेच आहेत, पण ते उभ्या पाण्याचे आणि खालचा तळ पक्का असल्याचे आहेत. नाल्याचे पाणी वाहते असते आणि खाली पुलाचा स्लॅब शिल्लक आहे की नाही ते दिसत नाही. साधा हिशोब करा. गाडी सुमारे ४.८ मीटर लांब आणि १.८५ मीटर रुंद. म्हणजे तिचा पसारा जवळजवळ ९ चौरस मीटर. तळाच्या वर पाणी १० सेंटिमीटर चढले की जवळजवळ ९०० किलो वजन पाणी उचलून धरते. वीतभर-दीड वीत चढले की गाडीचे सगळे वजन पाण्याने उचललेले असते, मग चाके दोन असोत की चार, जमिनीला धरतील कशाने? आणि त्याआधीच, वजन निम्मे झाले की प्रवाह तिला आडवी ढकलू लागतो. अमेरिकेचे हवामान खाते लोकांना बजावते की दोन फूट वाहते पाणी मोठ्या गाड्यांसह बहुतेक वाहने वाहून नेते. अवजड, उंच गाडीत बसलेल्या माणसाला धीर जास्त येतो, म्हणून धोकाही जास्त. घरातल्या प्रत्येकाने, विशेषतः रात्री उशिरा परतणाऱ्या तरुणांनी, हे एकदा मोठ्याने वाचावे.

आता खर्चाकडे वळू. वर्षाला १२ हजार किलोमीटर धरा. गावाकडच्या वापरात या गाड्या लिटरला दहाच्या आसपास देतात, एन्डेव्हर थोडे कमीच. म्हणजे १,२०० लिटर डिझेल. लिटरला ९० रुपये धरले तर १ लाख ८ हजार. विमा ५० ते ६० हजार धरा, वर्षाचे तेलपाणी, फिल्टर आणि ब्रेक ४० हजार. चार टायर ५० हजार किलोमीटरला बदलायचे म्हणून दरवर्षी २० हजार बाजूला, आणि जुनी गाडी आहे म्हणून अवचित दुरुस्तीला ३० हजार तरी. बेरीज अडीच लाखांवर जाते. गाडीची किंमत दरवर्षी उतरते ती यात नाहीच. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. अडीच लाख म्हणजे सुमारे ४७ क्विंटल सोयाबीन. एकरी ८ क्विंटल धरले तर सहा एकरांचे सगळे पीक, त्यातून बी-खत-फवारणी-मळणी काही वजा न करता. दरवर्षी सहा एकर या गाडीच्या नावाने पेरायचे, असा त्याचा अर्थ आहे. ज्या घरी संत्रा-केळीची चांगली बाग आहे त्यांना हे झेपेल. तुमच्या पत्रात नदीकडचे वावर गेल्याचे लिहिले आहे, उरले किती ते लिहिलेले नाही.

हेच मला विचारायचे होते. मोबदला ही कमाई नव्हे, ते वावरच आहे, फक्त रूप बदललेले. वावर पडून राहिले तरी वावर राहते, गाडी अंगणात उभी राहिली तरी झिजते. पूर्णाकाठच्या कितीतरी गावांत मोबदला आला त्या वर्षी दारात नव्या मोटारी आल्या, आणि पुढे त्याच घरची माणसे ठोक्याने वावर करायला शोधू लागली, हे आपण सर्वांनीच पाहिले आहे. त्या रकमेतून आधी देणे फेडा. मग जमिनीच्या बदली जमीन मिळते का ते पाहा. उरलेली जमीन खारपाणपट्ट्यात असेल तर बोअर खणून खारे पाणी वर काढण्यापेक्षा पावसाचे गोडे पाणी साठवणारे शेततळे कसे करता येईल ते आमच्या कार्यालयात येऊन विचारा. त्याला अनुदानही मिळते. आणखी एक गोष्ट लिहितो, राग मानू नये. पत्रात तुमच्या बहिणींचा उल्लेख नाही. वावर वडिलोपार्जित होते असे तुम्हीच लिहिले आहे. २००५ च्या कायद्याने मुलींना मुलांइतकाच वाटा आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ते आणखी स्पष्ट केले. जमिनीचा मोबदला म्हणजे जमिनीचाच वाटा. बहिणी असतील तर त्यांच्याशी बोलणे आधी व्हावे, गाडी नंतर. बहिणीचा वाटा गाडीत घालून तिच्याच दारी राखीला त्या गाडीतून उतरणे हे बरे दिसत नाही. हे सगळे वजा जाता जे उरेल त्याच्या चौथ्या हिश्शात गाडी बसत असेल तर खुशाल घ्या. बसत नसेल आणि कर्ज काढायचे असेल तर सातबारावर बोजा चढवून तर मुळीच नको. जुन्या गाडीच्या कर्जाचे व्याज नव्या गाडीपेक्षा जास्त असते, हेही बँकेत विचारून घ्या.

समजा, हिशोब बसला. आता दात पाहण्याची वेळ. पहिली गोष्ट, ती खरोखर फोर बाय फोर आहे का? फॉर्च्युनर दोन चाकांच्या जोराचीही मोठ्या संख्येने विकली गेली आणि मागे "४x४" चे अक्षर चिकटवायला काही शेकडे रुपये लागतात. आत ते फिरवायचे बटण हवे आणि गाडीखाली वाकून पाहिले तर पुढच्या एक्सलकडे जाणारा शाफ्ट दिसला पाहिजे. कच्च्या जमिनीवर एच-४ आणि एल-४ लावून, थोडे चालवून, वळवून पाहा. खटखट आवाज येता कामा नये. कित्येक मालकांनी ते बटण वर्षानुवर्षे फिरवलेलेच नसते आणि आतली यंत्रणा जाम झालेली असते.

गाडी थंड असताना सुरू करा. मालकाने "तुम्ही येणार म्हणून सुरू करून ठेवली" असे म्हटले तर दुसऱ्या दिवशी सकाळी अचानक जा. निळा धूर म्हणजे इंजिन तेल पीत आहे, पांढरा धूर थांबतच नसेल तर पाणी आत जात असावे. किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नका, तो मागे फिरवून मिळतो. चॅसी नंबर देऊन कंपनीच्या सेवा केंद्रातून आजवरच्या सर्व्हिसची नोंद मागवा आणि तिच्यातले किलोमीटर तारखांशी ताडून पाहा. मघाशी अधोरेखित करायला सांगितले ते हे. नोंद अर्धवट असेल तर ती फॉर्च्युनर सोडून दुसरी बघा. बाजारात त्यांची वाण नाही. पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून दूरच्या जिल्ह्यांत विकतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या टोकाला मातीची रेघ आहे का पाहा, सीटखालच्या बोल्टांना गंज आहे का पाहा, स्टेपनीच्या आजूबाजूला हात फिरवा, काचा बंद करून आतला कुबट वास घ्या.

एप्रिल २०२० नंतरची, बीएस-६ ची डिझेल गाडी दाखवली तर एवढे लक्षात असू द्या की तिच्यात काजळीची गाळणी असते, तिला डीपीएफ म्हणतात. ती साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून मोठ्या रस्त्यावर सलग पळावी लागते. गाव ते वरवट बकाल, वरवट ते गाव एवढेच चालत राहिली तर ती तुंबते. म्हणून तुमची २०१७ ची निवड आपल्या वापराला गैरसोयीची नाही. दोन्हींपैकी कोणतीही आणा, घरच्या ट्रॅक्टरच्या ड्रममधले डिझेल तिच्यात ओतू नका. ट्रॅक्टर पचवील ते या इंजिनाची बारीक नोझले पचवणार नाहीत. थोडे पाणी आणि कचऱ्यापायी मोठ्या रकमेची दुरुस्ती निघते. आणि गाडी सोयाबीन-हरभऱ्याच्या कोठीशेजारी उभी करू नका. उंदराचे दात सतत वाढत असतात, त्याला कुरतडायला काहीतरी लागतेच, आणि बॉनेटखालची ऊब व वायरी त्याला फार आवडतात. कोठीत जो बंदोबस्त करता तोच तिथेही करा, विषारी आमिष मात्र गाडीत ठेवू नका. मेलेला उंदीर वातानुकूलनाच्या नळीत सापडला की गाडीत बसवत नाही.

दिल्लीच्या एन्डेव्हरविषयी, धाकट्यांचे समाधान व्हावे म्हणून, शेवटचे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली, म्हणून तिकडच्या गाड्या वय होण्याआधीच स्वस्तात बाहेर पडू लागल्या. २०२५ साली न्यायालयाने त्यात काही सवलत दिली, तरी तिकडून येणाऱ्या गाड्या थांबलेल्या नाहीत. अशी गाडी आणायची तर तिकडच्या परिवहन कार्यालयाचे ना-हरकत पत्र, म्हणजे फॉर्म २८, आधी हातात हवे. महाराष्ट्राचा एकरकमी कर येथे नव्याने भरावा लागतो. तिकडे भरलेल्या कराच्या परताव्यासाठी वेगळा अर्ज करायचा असतो आणि तो पैसा कधी येईल यावर अंदाज बांधू नये. सहा लाखांतून हे सगळे वजा करून मग फरक किती उरतो ते चिरंजीवांनी स्वतः मांडून पाहावे.

आपल्याच राज्यातली फॉर्च्युनर घेतली तरी फॉर्म २९ आणि ३० वर मालकाची सही आपल्यासमोर व्हावी. आधीचे कर्ज असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षेची नंबरपाटी बसवलेली हवी. थकलेली ई-चलने गाडीच्या नंबरावर दिसतात, ती मालकाला भरायला लावा. टोलचा जुना फास्टॅग काढून स्वतःच्या नावाचा लावा. विमा गाडी ताब्यात आल्यापासून चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घेण्याचा अर्ज द्या. नोंदणी कोणाच्या नावावर करायची हेही परिवहन कार्यालयात जाण्यापूर्वी घरीच ठरवा. सूनबाई चालवणार असतील तर त्यांचे लायसन्स आणि विम्याची प्रत गाडीत ठेवायला विसरू नका.

पुढील अंकी हरभऱ्यावरील घाटेअळी.